तंजावरची पंगत

तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठींत कोरलेला आहे. तो पाहून आम्ही गांवांतील एका देशस्थ ब्राह्मणाच्या घरीं जेवावयास गेलों. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनीं तंजावर घेतलें. त्यानंतर यजमानांचे पूर्वज इकडे आले. आजीबाईंची मराठी अजून शाबूत आहे, मात्र तिला तमिळचा हेल!

पानांत भाकरी नव्हती. कावेरीचें खोरें म्हणजे भाताचें आगर. जोंधळा देशावरच राहिला. गूळ घातलेल्या आमटीच्या जागीं चिंचेचें आंबट सांबार आलें होतें. रक्त देशावरचें, पण चूल कावेरीची.

कोबीच्या भाजीशीं मात्र गाडें अडलें. थोरला नातू ती मिटक्या मारीत खाई. धाकटा ‘कडू’ म्हणून कडेला सारी. घरांत तो नखरेबाज ठरलेला. वस्तुतः १९३१ सालीं आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञास आढळलें कीं, एकच भुकटी कोणास जहाल कडू लागते, तर कोणास अगदीं बेचव. हा भेद आईबापांकडून येतो. त्यामागील जनुक २००३ सालीं हातीं लागलें. कोबींतील कांहीं द्रव्यें त्या भुकटीच्याच जातीचीं आहेत, आणि सख्ख्या भावांच्या जिभाही याबाबतींत निराळ्या असूं शकतात. पानावर बसलेल्या मुलावर डोळे वटारणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें. आम्हीं तें सांगतांच आजीबाईंनीं भाजीचें पातेलें निमूटपणें बाजूस ठेविलें. सांबारावर मात्र दोघे भाऊ सारखेच तुटून पडले. आमचे पुणेकर सोबती गूळ मागत होते.