लाखोरीची फुलं आणि गेना

करडी, ७ जानेवारी

धान कापून झालंय. बांधीतल्या ओलीवर टाकलेली लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, निळ्या फुलांवर आली आहे. भाजीसाठी कोवळे शेंडे खुडत होते, तोच अदिस अबाबाहून भाच्याचा फोन. "मावशी, आज इथं नाताळ!"

२५ डिसेंबर केव्हाच सरला. पण इथिओपियाचं पंचांग वेगळं. तिथला नाताळ, म्हणजे गेना, आज. त्याआधी ४३ दिवसांचा उपास. मांस, अंडं तर नाहीच, दुधाचा थेंबही नाही. डाळी, भाज्या आणि शिरो, म्हणजे पिठलंच म्हणा ना. आदल्या रात्री लोक पांढरी वस्त्रं नेसून चर्चमध्ये जागतात, ढोल घुमतात. मग उपास सुटतो कोंबडीच्या तिखट रश्श्यानं. खाली टेफच्या आंबवलेल्या पिठाची ताटभर इंजेरा, आपल्या आंबोळीची थोरली बहीण. सगळे एकाच ताटात जेवतात आणि एकमेकांना हातानं घास भरवतात. त्या घासाला गुरशा म्हणतात. हे मला फार फार आवडलं.

पोरं वाकड्या काठ्यांनी हॉकीसारखा खेळ खेळतात, त्याचंही नाव गेनाच. येशू जन्मल्याचं कळताच मेंढपाळ हाच खेळ खेळले, असं तिथं सांगतात.

मग भाचा म्हणाला, "इथंही लाखोरी पिकते." माझा हात थबकला. पाऊस दगा देतो तेव्हा तीच तगते. आणि महिनोन्‌महिने तेवढीच खावी लागली की पाय लुळे पडतात. दोन्हीकडच्या गरिबांनी हे भोगलंय.

रात्री भाजी शिजली. पहिला घास नातीला भरवला.