हलणारा दात आणि ‘उमर हो गई’

पाचवी-सहावीच्या वर्गात कोणाचा ना कोणाचा दात हलतच असतो. मूल जिभेने तो ढकलत बसते आणि पडला की कौतुकाने सगळ्यांना दाखवते. खालून येणाऱ्या पक्क्या दातामुळे दुधाच्या दाताचे मूळ झिजते, म्हणून तो सुटतो. मोठ्या माणसाच्या दाताखाली मात्र दुसरा दात वाट पाहत नसतो. तो गेला की गेला.

तरीही आपल्या घरांत मोठ्यांच्या हलणाऱ्या दाताकडे कोणी फारसे बघत नाही. माझ्या खालाचे खालचे पुढचे दोन दात हलू लागले तेव्हा ती 52 वर्षांची होती. ‘उमर हो गई, अब दाँतां गिरतेच,’ एवढे बोलून तिने विषय संपवला. कोणी लवंगेचे तेल सुचवले, कोणी तुरटीच्या गुळण्या. दात काढला तर नजर जाते, अशी भीतीही शेजारून आली. दात काढण्याचा आणि नजर जाण्याचा काही संबंध नाही, पण ही भीती अनेकांना दवाखान्याच्या दारातून परत पाठवते.

नुसत्या वयाने दात पडत नाहीत. दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो नीट निघाला नाही तर कडक होऊन त्याचे कीटण बनते. हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येते. इथवरचा आजार पूर्ण बरा होऊ शकतो. पुढे मात्र हिरडी दातापासून सुटते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. हे बहुतेक वेळा दुखल्याशिवाय घडते, म्हणून दात हलेपर्यंत कळत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून तर रक्तही कमी येते, त्यामुळे आजार आणखी लपतो. याशिवाय झोपेत दात खाणे, मार लागणे, मुळाशी पू होणे हीही कारणे असतात. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. तेव्हाही दात दाखवायला हरकत नसते, फक्त गरोदर असल्याचे सांगावे.

खालाला आम्ही आग्रहाने नेले. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मिश्री लावता का ते विचारले (ती 20 वर्षे लावत होती) आणि साखर तपासायला सांगितली. साखर वाढलेली निघाली. घरात कोणाला पत्ता नव्हता. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजाराने साखर आवरणे अवघड होते. एका हलणाऱ्या दाताने आम्हाला दुसऱ्या, मोठ्या आजाराची खबर दिली. एक दात काढावा लागला. दुसरा हिरड्यांखालपर्यंत सफाई करून आणि शेजारच्या दातांना बांधून वाचवला. झिजलेले हाड पूर्ववत होत नाही, पण झीज थांबवता येते.

सफाईने दात हलतात, हाही एक गैरसमज. कीटण निघाल्यावर फटी उघड्या पडतात, एवढेच. दात आधीच सैल झालेला असतो.

मिसवाकवर आपल्या दीनने किती भर दिला आहे हे वेगळे सांगायला नको. तोंड स्वच्छ ठेवणे ही सुन्नत आहे, तर तोंडाचा इलाज टाळण्यात कसली सबुरी? बसलेले कीटण मात्र मिसवाकने निघत नाही आणि ब्रशनेही नाही. त्यासाठी दवाखानाच लागतो.

तेव्हा पक्का दात जरासा हलतोय असे जाणवले, हिरड्यांतून वारंवार रक्त येते, दात लांब दिसू लागले, फटी वाढल्या किंवा तोंडाची दुर्गंधी जात नाही, तर त्याच आठवड्यात दाखवा. पू, ताप किंवा चेहऱ्याला सूज असेल तर त्याच दिवशी. सूज गळ्याकडे उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर थेट इस्पितळ गाठा. मार लागून पक्का दात निघाला तर मूळ न घासता तो दुधात ठेवून लगेच निघा, शक्यतो अर्ध्या तासात. रोज्यात इलाजाची शंका वाटली तर इफ्तारनंतरची वेळ मागा, पण ईदपर्यंत थांबू नका. आणि हलणारा दात बोटाने हलवून पाहू नका, दोऱ्याने तर मुळीच ओढू नका.