पहिल्या क्रमांकाचा प्रस्ताव

आमच्या घरची भाषा कोंकणी. तीत ‘मागीर’ असा एक शब्द आहे. अर्थ ‘नंतर’ एवढाच. पण त्याचे पोट फार मोठे! त्यात गेलेली कामे सहसा बाहेर येत नाहीत.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. संगणकाला दुरूनच नमस्कार करणारे. परंतु शाळेच्या ग्रंथालयाचा भार आमच्यावर आला, तेव्हा पुस्तकांची यादी ठेवणारी आज्ञावलीही पदरात पडली. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ती ‘पायथॉन’ या भाषेत लिहिली होती. एके दिवशी नववीतील एक मुलगी म्हणाली, “सर, यादीत ‘क्षितिज’ ‘क’च्या घरात जाऊन बसते. आम्ही तर क्ष आणि ज्ञ शेवटी शिकलो.” तिचे म्हणणे खरे होते. संगणक अक्षरांचे क्रमांक पाहतो. त्याच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त चिन्ह आणि ष. तिने उपायही सुचविला. आम्ही ‘मागीर पाहू’ म्हटले.

मुलगी दहावी होऊन गेली. पुढच्या वर्षी आठवीतल्या एका मुलाने तीच तक्रार आणली, आणि तिने सुचविलेला उपाय काही केल्या आम्हांला आठवेना. मनातून फार ओशाळलो.

त्या ओशाळलेपणातच आम्ही वरच्या वर्गातील मुलांना विचारले, की जगभरची माणसे मिळून पायथॉन घडवितात, ती सूचनांचे काय करतात? मुलांनी दाखविले ते पाहून आम्ही थक्क झालो. तेथे मोठ्या बदलाची सूचना लेखी प्रस्ताव म्हणून येते. तिला क्रमांक मिळतो. हेतू, आक्षेप आणि ‘मसुदा’, ‘स्वीकृत’, ‘नामंजूर’, ‘लांबणीवर’ अशी स्थिती तिच्यावर नोंदली जाते. ही रीत २००० सालापासूनची. ३०८ क्रमांकाचा प्रस्ताव २००३ साली मांडला गेला. अट खरी असल्यास हे मूल्य, नसल्यास ते, अशी निवड एकाच ओळीत करता यावी, एवढेच त्याचे मागणे. मांडणी कशी असावी यावर मते इतकी फुटली, की मतदान होऊनही निर्णायक बहुमत झाले नाही आणि प्रस्ताव नामंजूर ठरला. पण कागद फाडला गेला नाही. २००५ साली भाषेचे जनक खीडो फान रॉसम यांनी त्यातील एक रूप निवडले, आणि २००६ साली ते भाषेत आले. आधीचा वाद हरवला नव्हता, कारण तो लिहिलेला होता.

आम्ही दोनशे पानी वही आणली. पहिल्या क्रमांकावर त्या मुलीचे नाव घालून तिची सूचना लिहिली. खाली आक्षेप आला: कोशात जोडाक्षर ‘क’खाली शोधणारा वाचक काय करील? स्थिती, ‘लांबणीवर’.

चौथा प्रस्ताव आमचा होता. पुस्तक उशिरा परत करणाऱ्यांची नावे आज्ञावली उघडताच तांबड्या अक्षरांत दिसावीत! मुलांनी तो नामंजूर केला. कारण लिहिले, “ज्याच्या घरी आजारपण आहे त्याचेही नाव दिसेल.” आम्हांला राग आला, हे लपवीत नाही. वहीत तो प्रस्ताव आमच्या सहीसह अजून आहे. नवी मुले तो चवीने वाचतात.

गेल्या जून महिन्यात ती मुलगी दाखला न्यायला आली. आम्ही तिला ग्रंथालयात नेले आणि वहीचे पहिले पान पुढे ठेवले. आपले नाव पाहून ती हसली. मग आक्षेप वाचून गंभीर झाली. “सर, मी तेव्हाच सांगितले होते की,” ती म्हणाली, आणि आमच्याकडून लेखणी घेऊन तिने खाली लिहिले: “पुस्तक शेवटी ‘क्ष’मध्ये ठेवावे, ‘क’खाली ‘क्ष पाहा’ अशी एक ओळ द्यावी.”

आम्ही ‘लांबणीवर’ खोडून ‘विचाराधीन’ लिहिले, आणि तारीख घातली.