सुरतेचे रस्ते आणि आमचे नवे बूट

सुरत हे वाहनात बसून पाहण्याचे शहर नव्हे. तापीकाठच्या किल्ल्यापासून जुन्या वस्तीत शिरणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद आणि वळणावळणाच्या आहेत, की तेथे पायांवाचून दुसरे वाहन कामाचे नाही. उधना आणि लिंबायत या भागांची तऱ्हा निराळी. तेथे यंत्रमागांचा खडखडाट कानांत घुमत असतो आणि त्यातूनही गल्लीगल्लीत मराठी बोलणे ऐकू येते. जळगावहून नंदुरबारमार्गे येणारा लोहमार्ग उधन्यास मिळतो. त्या वाटेने खानदेशातील असंख्य माणसे पोटासाठी येथे आली आणि येथलीच झाली. अशा मराठी घरांच्या भेटीगाठींसाठी २०२३ च्या दिवाळीनंतर आमचे काही महिने सुरतेत राहणे झाले. त्या मुक्कामात शहर पाहिले, माणसे जोडली. पण वाचकहो, खरा धडा मिळाला तो बुटांच्या एका जोडापासून.

लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून आमचे डावे पाऊल मोडले होते. हाड सांधले, परंतु करंगळीच्या मुळाशी एक उंचवटा कायमचा राहिला. त्यामुळे दुकानातला तयार बूट आमच्या नशिबी नाही. आजवर चपलांवर निभावले होते. सुरतेत मात्र रोजची दोन-तीन कोसांची पायपीट सुरू झाली आणि महिन्याच्या आत चपलेने तोंड वासले. तेव्हा एका यजमानांनी आम्हांला उधन्यातील एका मोच्याकडे नेले. गृहस्थ साठीच्या घरातले, मूळचे नंदुरबारकडचे. फळ्यांचे लहानसे दुकान, त्यात रापी, आरी, दोऱ्याची रिळे आणि भिंतीला टांगलेले लाकडी फर्मे.

आम्ही सकाळी गेलो होतो. त्यांनी माप घेतलेच नाही. म्हणाले, “फादर, संध्याकाळी या. दिवसभर चालून पाय फुगतो. सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी चावतो.” संध्याकाळी गेलो तेव्हा त्यांनी आम्हांला कागदावर उभे केले आणि दोन्ही पावलांच्या रेघा वेगवेगळ्या काढल्या, बसलेल्या माणसाचे पाऊल उभ्या माणसाच्या पावलाहून आखूड भरते, हे आम्हांला तेव्हा कळले. उंचवट्यावरून बोट फिरवून त्यांनी कागदावर फुली मारली.

वरचे कातडे त्यांनी क्रोमने कमावलेले घेतले. तळ आणि सुखतळा मात्र बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेला. क्रोमचे काम थोड्या दिवसांत उरकते आणि कातडे मऊ निघते. सालीतले कातडे आठवडेच्या आठवडे मुरावे लागते. ते आरंभी फळीसारखे ताठ असते. पण पायाची ऊब, घाम आणि शरीराचा भार यांनी हळूहळू दबते आणि एकदा घेतलेला आकार सोडत नाही. म्हणून बूट हाती देताना मोचीकाकांनी बजावले, “पहिला आठवडा घरातच, रोज तासभर. मग एक दिवस घालायचे, एक दिवस विसावा द्यायचा. आतला घाम सुकायला दिवस लागतो. टाच थोडी उचलेल, घाबरू नका. तळ वाकायला शिकला की ती आपोआप बसेल.”

उपदेश करण्याची ज्यांना सवय असते त्यांना तो ऐकण्याची फारशी नसते. तिसऱ्याच दिवशी आम्ही नवे बूट चढवून शहर पाहण्यास निघालो. चौक बाजारातील किल्ला पाहिला. सोळाव्या शतकात गुजरातच्या सुलतानाच्या राज्यात खुदावंद खानाने तो बांधला. याच शहरावर १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी स्वारी केली, तेव्हा कॅप्युचिन धर्मगुरू फादर अँब्रोज यांच्या निवासाला त्यांनी धक्का लागू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे. किल्ल्याच्या भिंतीशी उभे राहून हे आठवताना मन भरून आले. टाचा मात्र तोवर जळू लागल्या होत्या.

तरीही आम्ही कतारगाम दरवाजाकडील इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत गेलो. जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली वारला. त्याची व त्याच्या भावाची घुमटांची भव्य समाधी तेथे आहे. पुढे डचांच्या दफनभूमीत व्हान रेडे याची समाधी पाहण्याचा बेत होता. मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ त्याने सिद्ध करविला आणि त्या कामी आरंभी कार्मेलाईट संघाचे फादर मॅथ्यू यांचे साहाय्य त्याला झाले होते. परंतु तेथवर पाय पोहोचलेच नाहीत. ऑक्झेंडनच्या समाधीच्या सावलीत बसून बूट काढले तेव्हा दोन्ही टाचांवर सुपारीएवढे फोड आले होते. रिक्षाने परतलो आणि आठवडाभर घरात अनवाणी बसलो.

त्यानंतर मात्र मोचीकाकांचे सांगणे तंतोतंत पाळले. महिन्याभरात तळ वाकू लागला, टाच बसली. दोन महिन्यांनी सुखतळ्यावर आमच्या पावलाचा ठसा उमटला. पाचही बोटांच्या जागा तेथे दिसू लागल्या. उजव्या पायातला बूट अंगचाच असल्यासारखा वाटे. डाव्या पायातली ती एक जागा मात्र सुखाची होईना. जुन्या हाडावर कातडे पहिल्या दिवसाइतकेच रुतत होते.

येथे आमच्या हातून चूक झाली. आम्ही मोचीकाकांकडे गेलो नाही. एकदा अधीरपणाची शिक्षा भोगली होती, म्हणून आता सोसणे म्हणजेच शहाणपण, असे मनाशी ठरवून बसलो. त्यात २०२४ च्या फेब्रुवारीत उपवासकाळ सुरू झाला. तेव्हा या दुखण्याला आम्ही प्रायश्चित्ताचे गोंडस नावही दिले. पण जो खरोखर निमूट सोसतो तो दुसऱ्यापाशी कुरकुर करीत नाही. आम्ही ती केली. लिंबायतच्या एका घरी आमचे लंगडणे पाहून विचारणा झाली, तेव्हा “काय करणार, बूटच तसा बनवला आहे,” असे आम्ही बोलून गेलो. आणखी दोन घरी तेच बोललो.

ईस्टरनंतर एके दिवशी नाडी तुटली म्हणून दुकानावर जाणे भाग पडले. आम्ही पायरी चढत असतानाच मोचीकाकांनी आमची चाल ओळखली. बूट हाती घेऊन आत बोट फिरवले आणि विचारले, “हे केव्हापासून?” पहिल्या दिवसापासून, असे आम्ही सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “फादर, कातडे मांसाशी जमवून घेते, हाडाशी नाही. टाचेचे फोड नवेपणाचे होते, ते जाणारच होते. ही माझी चूक होती. फुली मारली आणि फर्म्यावर तेवढा उंचवटा चढवायला विसरलो. तुम्ही मला सांगायचे होते.” नंतर खाली मान घालूनच ते पुढे म्हणाले, “लिंबायतच्या एका घरचे पोराचे बूट करायला देणार होते. फादरचाच बूट चावतो म्हणून दुसरीकडे गेले.”

वाचकहो, त्या क्षणी आम्हांला जे वाटले ते लिहिण्यास शब्द अपुरे आहेत. त्यांची चूक बोटभर जागेची होती आणि ती त्यांनी तत्काळ कबूल केली. आमची चूक कैक पटींनी मोठी होती. जे एका माणसापाशी बोलावयाचे ते आम्ही तीन घरी बोललो होतो आणि ज्याच्यापाशी बोलावयाचे तोच तेवढा वगळला होता. आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्यांनी हसून बूट फर्म्यावर चढविला, ती जागा ओलसर केली, चामड्याचा एक तुकडा आत बसवून पाचर ठोकली आणि दोन रात्री तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी दुखणे नाहीसे झाले होते. पैसे घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. आम्ही त्या तिन्ही घरी जाऊन घडले ते सांगितले. मुलाचे बूट दुसरीकडून आले होते, ते परत करता येण्याजोगे नव्हते. पण धाकट्यासाठी आपण मोचीकाकांकडेच जाऊ, असे त्या माउलीने सांगितले.

पुढे पावसाळा लागला. तापीला पाणी चढले, की २००६ च्या ऑगस्टमधील महापुराच्या आठवणी आजही घरोघरी निघतात. बूट भिजले, की आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, विस्तवापासून आणि उन्हापासून दूर सावलीत वाळविण्यास आम्ही शिकलो. भिजलेले कातडे घाईने तापविले तर तडकते.

घरात नवी सून येते, मुलगा नव्या कामावर जातो, नवे धर्मगुरू गावात येतात. आरंभी सर्वत्रच थोडे टोचते. त्यातले पुष्कळसे नवेपणाचे असते आणि दिवस जातील तसे ते निवळते. परंतु महिने लोटले तरी एकाच जागी तेच दुखत राहिले, तर ते सोसत बसू नये. शेजारीपाजारी तर मुळीच सांगू नये. ज्याच्या हातून दुरुस्ती होण्यासारखी आहे, त्याच्याच दारी जावे.

मुक्काम संपण्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्याच बुटांनी चालत डचांच्या दफनभूमीत जाऊन आलो. परतताना वाटेत मोचीकाकांच्या दुकानावर थांबलो. त्यांनी आमच्याकडे न पाहता आधी आमच्या चालीकडे पाहिले आणि मान डोलावून पुन्हा आरी उचलली.