तिसरी पायरी

भाच्याने माझ्या डोळ्यांवर हेडसेट चढवला, मागचा पट्टा आवळला आणि दोन्ही हातांत कंट्रोलर दिले. "आत्या, कडेला गेलीस की समोर जाळी दिसेल. तिच्या पुढे जाऊ नकोस, टीपॉय आहे." एवढं त्याचं ऐकलं, आणि बैठकीची खोली नाहीशी झाली. मी जपानमधल्या एका किल्ल्यात, काळोखात उभी होते.

खेळाचं नाव 'अराशी: कॅसल्स ऑफ सिन'. तो २०२१ साली प्लेस्टेशनच्या व्हीआरवर आला आणि २०२३ मध्ये त्याची 'फायनल कट' ही सुधारित आवृत्ती निघाली. काळ सेनगोकूचा, सरदारांच्या आपसातल्या लढायांचा. आपण केनशिरो नावाचे शिनोबी, म्हणजेच निंजा. सोबतीला हारू हा लांडगा.

पडद्यावरच्या खेळात बटण दाबलं की पात्र वाकतं. इथे मीच वाकायचं. भिंतीआडून डोकावायचं तर मान माझीच पुढे काढायची. हेडसेटवरचे कॅमेरे डोकं किती सरकलं, किती वळलं, किती खाली गेलं हे सतत टिपतात आणि त्या जगातली नजर तितकीच हलते. पहारेकरी जवळून गेला तेव्हा माझा श्वास आपोआप थांबला. तो माझा श्वास ऐकू शकत नव्हता, हे मला ठाऊक होतं. छातीला ठाऊक नव्हतं.

"आत्या, अजून त्याच भिंतीमागे? तलवार आहे ना तुझ्याकडे!"

होती. पण मला पुढे जायची घाई वाटत नव्हती. पहारेकऱ्याच्या पावलांची लय मला लागली होती: इतकी पावलं, मग थांबणं, मग वळणं. असं कान देऊन उभं राहणं माझ्या ओळखीचं होतं.

आमचा वाडा होता तेव्हा मी रात्रपाळी करायची. अण्णा पहिल्या आजारपणातून उठले होते आणि त्यांची झोप मांजरासारखी सावध झाली होती. त्यांची खाट जिन्याच्या तोंडाशीच. रात्री दीड वाजता मी चपला हातात घेऊन वर चढायची. तिसरी पायरी करकरायची, ती ओलांडायची. बाकीच्या पायऱ्यांवर भिंतीलगत पाऊल टाकायचं. तिथे फळी पक्की असते, मध्ये टाकलं तर ती दबते आणि बोलते. कडीला आईने चिंधी गुंडाळली होती.

शिनोबी म्हणजे काळ्या कपड्यातला मारेकरी, असं आपल्या मनात बसलंय. पण इगा आणि कोका भागातल्या या माणसांचं मुख्य काम शत्रूच्या गोटातली बातमी आणणं आणि ती घेऊन जिवंत परतणं हे होतं. त्यांच्या विद्येचा मोठा ग्रंथ, 'बानसेनशुकाई', १६७६ सालचा. त्यात शस्त्रं आणि युक्त्या येण्याआधी मन शुद्ध कसं ठेवावं याचा विचार येतो. घोरणं ऐकून झोपेचा अंदाज कसा घ्यावा, हेही त्यात आहे. शिनोबी शब्दाच्या चिन्हात वर तलवारीचं पातं आणि खाली काळीज आहे. त्याचा एक अर्थ लपणं, दुसरा सोसणं.

क्योटोच्या निजो किल्ल्यातल्या निनोमारू महालाची जमीन चालताना पक्ष्यासारखी चिवचिवते. चोरपावलांनी येणारा सापडावा म्हणून ती मुद्दाम तशी बांधली, असं पिढ्यानपिढ्या सांगत आले. दुसरा खुलासा साधा आहे: फळ्यांखालचे लोखंडी पट्टे आणि खिळे वर्षानुवर्षांच्या वर्दळीने सैल झाले, ते एकमेकांवर घासतात. मला हा खुलासा जास्त पटतो. आमची तिसरी पायरीही कुणी पहारा म्हणून ठेवली नव्हती. चार पिढ्यांनी तिच्यावर पाय दिला, म्हणून ती बोलू लागली.

अण्णा गेल्यावर काही महिन्यांनी आई सहज म्हणाली, "तू येईस्तोवर ते जागेच असायचे गं. तू तुझ्या खोलीत गेलीस की मग कूस बदलायचे. मी विचारलं, तिला सांगत का नाही? तर म्हणाले, एवढी जपून चढते, तिला वाटू दे मी झोपलोय."

मी कितीतरी वेळ गप्प बसले. खोलीचं दार लोटल्यावर खाटेची एक करकर रोज ऐकू यायची. झोपेत कूस बदलली, असं मी धरून चालले होते. घोरणं ऐकायची विद्या मला आली नव्हती. आली नाही, हे बरं झालं.

खेळाला दोनच गोष्टी कळतात: तुम्ही सापडलात, किंवा नाही सापडलात. सापडलात की आरडाओरडा होतो, तलवारी निघतात. पण माणसं एकत्र राहतात तिथे तिसरंही काही असतं. एकाने आवाज न करता यायचं, दुसऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं पडून राहायचं, आणि दोघांनीही ते कधी बोलून दाखवायचं नाही. त्या जिन्यात मी रोज रात्री सापडत होते, आणि सापडल्याचं मला कुणी कळू दिलं नाही.

पहारेकरी पुन्हा आला. माझ्याकडे पाठ करून हाताच्या अंतरावर उभा राहिला. मी तलवार काढली नाही. तो वळून जाईपर्यंत भिंतीलगत उभी राहिले, आणि मग पाऊल टाकलं, कडेकडेने, फळी जिथे पक्की असते तिथे.