आमची उठण्याची वेळ

आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर मताला किंमत पडत नाही, म्हणूनच तिथे मतांचा एवढा सुकाळ आहे. त्यातही क्रिकेट, गाणे आणि सिनेमा या तीन विषयांत प्रत्येक जण जन्मजात तज्ज्ञ. अस्मादिकही त्यांतल्याच. मला बॅट सरळ धरता येत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी "तू नुसते ओठ हलव" असे प्रेमाने बजावले होते. सिनेमातले तंत्र म्हणाल, तर मोबाइलवर काढलेल्या माझ्या फोटोंत माणसांची डोकी हटकून कापलेली असतात. तरीही माझी मते ठाम आहेत. अडचण एवढीच, की ज्यांच्याविषयी मी मत देते त्यांपैकी बऱ्याच गोष्टींचा शेवट मी पाहिलेलाच नाही.

हा दोष आमच्या बाबांचा. बाबा चिंचवडजवळच्या एका कंपनीत पाळीने काम करतात. पहिली पाळी असली की पहाटे पाचला घरातून निघायचे. त्यामुळे कुठेही गेलो तरी शेवटची बस आणि शेवटची गर्दी हे त्यांचे दोन शत्रू. नाटक असो, सिनेमा असो, गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो, संपायला दहा मिनिटे उरली की बाबा घड्याळ बघत आणि आईच्या खांद्याला हात लावत. की आम्ही उठलो! अंधारात लोकांच्या पायांना अडखळत, "जरा सरकता का" म्हणत आमची वरात दाराकडे निघे. मागे पडद्यावर नायक खलनायकाची गचांडी धरत असे, आणि आम्ही बसथांब्यावर उभे असू.

क्रिकेटच्या बाबतीत मात्र या उठण्यामागे शास्त्र होते. 25 जून 1983 रोजी बाबा बारा वर्षांचे होते. शेजाऱ्यांच्या रेडिओला अख्खी आळी कान लावून बसली होती. भारताचा डाव 183 धावांत आटोपला आणि मग व्हिव्ह रिचर्ड्स मदनलालला झोडपू लागला. बाबा वैतागून उठले आणि घरी जाऊन झोपले. त्यांची पाठ वळते न वळते तोच कपिलदेवने उलटे धावत जाऊन रिचर्ड्सचा तो झेल घेतला. वेस्ट इंडीज 140 धावांत गारद! सकाळी बाबांना कळले, की आपण विश्वविजेते झालो आहोत. पुढे 18 एप्रिल 1986 रोजी शारजात पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. त्या दिवशी बाबा शेवटपर्यंत बसले, आणि जावेद मियाँदादने चेतन शर्माला षटकार मारला. झाले! दोन उदाहरणांवर सिद्धांत पक्का झाला: मी उठलो की भारत जिंकतो, बसलो की हरतो.

2 एप्रिल 2011च्या रात्री मी सात वर्षांची होते. सचिन 18 धावांवर बाद होताच बाबा जे गॅलरीत गेले, ते आत आलेच नाहीत. धोनीचा षटकार त्यांनी पाहिला नाही, शेजाऱ्यांच्या आरड्याओरड्यातून ऐकला. आम्ही आत नाचत होतो आणि बाबा गॅलरीत कठडा धरून एकटेच हसत होते.

या संस्कारांचा माझ्यावर परिणाम झाला तो असा, की मला गोष्टींचा मध्य आवडू लागला. 2011चा अंतिम सामना म्हटला की सगळ्यांना तो षटकार आठवतो. मला झहीरचे सुरुवातीचे कंजूष षटक आणि गंभीरचा मातीने माखलेला शर्ट आठवतो. 97 धावा काढून तो बाद झाला तेव्हा सामना बराचसा जिंकलेला होता. 19 जानेवारी 2021 रोजी ब्रिस्बेनला आपण जिंकलो, तेव्हा कट्ट्यावर पंतचा जयजयकार चालला होता. त्याने नाबाद 89 धावा केल्या, कबूल. पण त्याआधी पुजाराने अंगावर चेंडू घेत घेत 211 चेंडूंत 56 धावा केल्या होत्या. माझे मत विचाराल तर सामना तिथे वाचला. निकाल काय, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतोच.

गाण्याचेही तसेच. बाबा शिकलेले गवई नव्हेत, पण तरुणपणी ते सवाई गंधर्व महोत्सवाला नेमाने जात. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला हा महोत्सव तेव्हा रात्रभर चाले. बाबा सांगतात, "तेव्हा शेवटच्या बसची भानगडच नव्हती. पहाटेची पहिली बस मिळायची." शाल पांघरून रमणबागेत बसायचे, अधूनमधून चहा मारायचा आणि पहाटे भीमसेन ऐकून थेट पहिल्या पाळीला हजर व्हायचे! पुढे रात्रीच्या ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आले, महोत्सव रात्री लवकर संपू लागला, आणि नेमकी शेवटच्या बसची अडचण सुरू झाली.

मी नववीत असताना बाबांनी मला पहिल्यांदा तिथे नेले. भारतीय बैठकीत मांडी घालून मी गाणे ऐकले. टाळ्या पडतात त्या द्रुत लयीतल्या तानांना. मला मात्र आवडली ती सुरुवात. तंबोरे जुळत आहेत, गवई अजून कुठेच पोचलेला नाही, एकेका स्वराला हात लावून बघतो आहे. काळोख्या घरात शिरून दिव्याचे बटण चाचपावे तसे! त्या वर्षांत महोत्सवाची सांगता प्रभाताई अत्रे यांच्या गाण्याने होत असे. त्या गाण्याच्या आधीच बाबांनी घड्याळ पाहिले. मी म्हटले, "बाबा, थांबू या ना." ते म्हणाले, "पुढच्या वर्षी." 13 जानेवारी 2024 रोजी प्रभाताई गेल्याची बातमी आली, तेव्हा मी बाबांशी दिवसभर बोलले नाही. मध्याचे माझे तत्त्वज्ञान त्या दिवशी काही उपयोगाला आले नाही.

आता सिनेमा. 2016च्या मे महिन्यात आम्ही सगळे 'सैराट' पाहायला गेलो. थिएटरात 'झिंगाट' लागले तेव्हा पोरे पडद्यासमोर जाऊन नाचली. मी बारा वर्षांची, ताई वीस वर्षांची. ताई बाबांच्या शेजारी बसली होती. परक्या शहरात आर्ची-परश्याचा संसार मांडला गेला, मूल झाले, माहेरची माणसे भेटी घेऊन दारात आली, आणि बाबांनी आईच्या खांद्याला हात लावला. आम्ही उठलो. घरी येईपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते, की किती गोड सिनेमा आहे!

पुढे ताईने मला तो शेवट मोबाइलवर दाखवला. अजय-अतुल यांनी ज्या सिनेमाचे संगीत हॉलिवूडला जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केले, त्याच सिनेमाच्या शेवटी संगीताचा एक सूरही नाही. ते लहानगे पोर रक्तात माखलेल्या पावलांनी बाहेर पडते, आणि सगळे मुके. सिनेमा संपल्यावर ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला त्याचे नाव सांगितले. तो आमच्या जातीचा नव्हता.

2019 साली तिने घरी सांगितले. आई रडू लागली. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्या सैराटमधल्या पोरांनी केला की संसार. तुम्हीही करा." ताईने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. बाबांनी शेवट पाहिलेला नाही, हे फक्त आम्हां दोघींना ठाऊक होते. आम्ही तोंडातून शब्द काढला नाही. लग्न नोंदणी पद्धतीने झाले. काका आले नाहीत, भावकीने दोन वर्षे बोलणे टाकले. बाबा कंपनीत जात-येत राहिले. अर्ध्यावर उठलेल्या माणसाच्या गैरसमजावर ताईचा संसार उभा आहे, ही गोष्ट मला इतकी वर्षे मनातून टोचत होती.

29 जून 2024. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. ताई, जावई आणि त्यांचा दोन वर्षांचा बाळ्या आमच्याकडे आलेले. त्याआधीच्या नोव्हेंबरात बाबा ऑस्ट्रेलियाचा पूर्ण डाव बाहेर हिंडत राहिले होते, तरीही अहमदाबादला आपण हरलो होतो. "मी उठायला उशीर केला," असे त्यांनी त्यावर समर्थन दिले होते. यंदा दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या. बाबा उठले आणि चपला शोधू लागले.

माझ्या तोंडून निसटले, "बाबा, तुम्हांला सैराटचा शेवट तरी ठाऊक आहे का?"

ताईने डोळे वटारले. बाबा चपलेत पाय घालता घालता थांबले. "ठाऊक होता. सिनेमा लागला त्याच आठवड्यात आमच्या शिफ्टमधल्या पोरांनी सांगून टाकला होता."

"मग उठलात कशाला? बसला तर वेळ होता."

ताईकडे न बघता ते म्हणाले, "त्याच्या आधी महिनाभर हिला यांच्याबरोबर बसथांब्यावर पाहिलं होतं. हिनं ते बघायला नको, असं वाटलं. आणि खरं सांगू का, हिच्या शेजारी बसून मलाही ते बघवलं नसतं."

खोलीत कुणी बोलेना. तेवढ्यात टीव्हीवर क्लासेन बाद झाला आणि खालून आरडाओरडा ऐकू आला. बाबांनी दाराची कडी काढली. ताई हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, बसा." तिने बाळ्याला त्यांच्याकडे दिले. पोर कडेवर असलेला माणूस जाणार कुठे? ते बसले, पायांत चपला तशाच. शेवटच्या षटकात 16 धावा हव्या असताना सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला, तेव्हा बाबांनी डोळे मिटले होते. पण ते बसलेले होते, हे महत्त्वाचे. आपण 7 धावांनी जिंकलो.

आता 41 वर्षांचा सिद्धांत मोडीत निघाला, असे माझे म्हणणे. बाबा म्हणतात, 30 चेंडूंत 30 धावा हव्या असताना आपण उठलो होतो, क्लासेन त्यामुळेच गेला. जावई त्यांच्या बाजूने आहेत. यावर घरात अजून एकमत झालेले नाही. डिसेंबरातल्या सवाईची तिकिटे मात्र मी काढली आहेत, आणि परतीची रिक्षाही आधीच सांगून ठेवली आहे.