पाण्याचा वाटा

मीरा-भाईंदर येथील पूनम सागर ही वसाहत नावाने सागराची, आणि खरा सागरही तेथून फार दूर नाही. परंतु त्या खाऱ्या पाण्याने कोणाची तहान भागत नाही. शहरासाठी उल्हास नदीचे गोडे पाणी दुरून नळांनी आणावे लागते. पाणी असणे निराळे आणि ते प्रत्येकाच्या घागरीत पडणे निराळे. हे अंतर नाहीसे करण्यासाठी विलासराव साळुंखे यांनी आपले आयुष्य वेचले.

विलासराव अभियंते होते. पुण्यात त्यांचा मोजमापाची सूक्ष्म उपकरणे करणारा कारखाना होता. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. पुरंदर तालुक्यातील शेतकरी आपली शेते ओसाड टाकून दुष्काळी कामांवर खडी फोडू लागले. ते दृश्य पाहून विलासराव अस्वस्थ झाले. मदतीने एक वर्ष निभावेल, पण पुढल्या दुष्काळाचे काय, हा प्रश्न त्यांची पाठ सोडीना.

नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड, उताराची जमीन त्यांनी खंडाने घेतली. उतारावर आडवे बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला आणि त्याखाली विहीर खणली. धावणारे पाणी थांबले, थांबलेले मुरले आणि मुरलेले विहिरीत उतरले. माळ हिरवा झाला.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. आलेले पाणी कोणी घ्यावे? ज्याची जमीन मोठी त्याचा वाटा मोठा, ही जनरीत. विलासरावांनी ‘पाणी पंचायती’ची निराळी रीत घातली. घरातील माणसे मोजून पाणी द्यावयाचे: माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांपुरते. भूमिहीनासही वाटा असे. जमीन विकली, तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकता येत नसे. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी द्यावा आणि उसासारखे फार पाणी पिणारे पीक कोणी घेऊ नये, असाही नियम होता. ऊस सोडणे म्हणजे हाती येऊ शकणारा पैसा सोडणे; तरीही अनेक गावांनी हे बंधन स्वीकारले.

२००२ साली विलासराव निवर्तले. आज पाण्याचे नियोजन हा पुष्कळ तरुणांचा व्यवसाय झाला आहे. त्यासाठी गणित, भूगोल आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास अवश्य हवा. परंतु ज्याच्यापाशी तसूभर जमीन नाही, त्याचा वाटा मांडल्यावाचून पाण्याचे गणित सुटत नाही.